तुमच्या घरी गंबो कोण करायचं?

नलूमावशी,

काल तुझ्या हॉटेलात एकही टेबल रिकामं नव्हतं. आठही टेबलं भरली, मग लोक बाहेरच्या पडवीतल्या बाकांवर बसले, काही जण हातात वाडगा घेऊन भिंतीला टेकून उभे राहिले. फ्यूनरल होममधलं सगळं आटोपून मी आले, तेव्हा तुझ्या शेजारणीने, डेनीसने, दार उघडून ठेवलं होतं आणि काउंटरवर पातेली मांडायला घेतली होती. मी मोजली. नऊ पातेली आणि नऊच्या नऊ गंबोची. ज्या गावाने तुझा गंबो कधी धड विकत घेतला नाही, ते गाव आपापल्या घरचा गंबो घेऊन तुझ्या दारात आलं होतं. तू असतीस तर ॲप्रनला हात पुसत हसली असतीस आणि म्हणाली असतीस, "बघ पोरी, फुल हाऊस झालं की नाही एकदाचं."

मला हसू आलं नाही. मी आत जाऊन सिंकचा नळ सोडून उभी राहिले. बाहेर सगळ्यांना वाटलं मी भांडी घासतेय. मी रडत होते, आणि रडताना डोक्यात एकच गोष्ट होती, की गेले तीन आठवडे मी तुझ्याशी बोललेले नाही. तू रविवारी पहाटे झोपेतच गेलीस. शनिवारी संध्याकाळी तुझा मिस्ड कॉल होता आणि मी तो बघून फोन उलटा करून ठेवला होता.

तुझी-माझी पहिली भेट आठवते तुला? अमेरिकेतला मराठी माणूस म्हटलं की लोकांना सनीव्हेल आठवतं, नाहीतर न्यू जर्सी. मी अकोल्याहून मास्टर्स करायला आले ती लुइझियानात, लाफायेतला. इथे गणपती बघायचा तर ह्यूस्टन गाठावं लागतं. रूममेटने सांगितलं की गावाबाहेर उसाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इंडियन बाईचं हॉटेल आहे. दोन महिने मी ब्रेडवर काढले होते. इडली नाही तर निदान बिर्याणी तरी मिळेल, अशा आशेने मी लिफ्ट मागून आले, आणि मेन्यूकार्डवर गंबो, एतूफे, राइस अँड ग्रेव्ही आणि सॉसेज, सगळं इथलंच. मी इंग्रजीत काहीतरी विचारलं. तू चष्म्यावरून बघितलंस.

"कुठली गं तू?"

"अकोला," मी म्हटलं.

"बस. जेवलीस काय?"

तू समोर गंबोचा वाडगा ठेवलास. काळपट तपकिरी दाट रस्सा, त्यात कोंबडी आणि धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या, मधोमध भाताची मूद. मी विचारलं, मावशी, वरणभात नाही का मिळत? तू म्हणालीस, "हे इथलं वरणच आहे. गप खा." मी दोन वाडगे खाल्ले. तेव्हापासून मी तुझी झाले.

मिरजेची नर्स, इथल्या हॉस्पिटलात नोकरीला आलीस, समुद्रातल्या तेलविहिरीवर चौदा दिवस आत आणि चौदा दिवस बाहेर असं काम करणाऱ्या रेमंडशी लग्न केलंस. हे हॉटेल त्याच्या आईचं, ती आणि मग रेमंडही गेल्यावर तू एकटीने चालवलेलं. तिला सगळे मॉ-मॉ म्हणायचे, म्हणजे आजी. तिला फ्रेंच यायचं आणि मोडकंतोडकं इंग्रजी, तुला मराठी आणि नर्सिंगचं इंग्रजी. तुम्ही दोघी बोललात ते पातेल्यातून. मॉ-मॉ तुझा हात धरून लाकडी चमचा फिरवायची आणि तू चुकलीस की चमचा काढून घ्यायची. सहा महिने तिने तुला रू एकटीने करू दिला नाही, हे तू मला किती वेळा सांगितलंस. सांगताना तुला दर वेळी थोडा राग यायचा आणि थोडा अभिमान वाटायचा.

रू म्हणजे तेलात मैदा, मंद आचेवर, न थांबता ढवळायचा. मला शिकवताना तू म्हणालीस, "लाडवाचं बेसन भाजतो की नाही, तसंच. फक्त बेसन वास सुटला की सांगतं, झालं म्हणून. मैदा शेवटपर्यंत काही बोलत नाही आणि मग एकदम करपतो." पाऊण तास, कधी तास. त्या वेळात तू फोन बंद करायचीस. एकदा चर्चचे फादर आले होते, त्यांनासुद्धा तू पाठमोरीच बोललीस.

इतकं करून गावातलं कोणी तुझा गंबो खायला यायचं नाही. मी पहिल्यांदा ते बघितलं, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. ऑक्टोबर संपत आला होता. सहा महिन्यांचा तो चिकट उकाडा एका दिवसात गेला, उत्तरेकडून गार वारं सुटलं आणि माझ्या क्लासमधली मुलं म्हणाली, "गंबो वेदर." मी धावत तुझ्याकडे आले. आज तर रांग लागणार. तूही सगळ्यांत मोठं पातेलं काढलं होतंस. बारा वाजले, एक वाजला. हॉटेल रिकामं. मी तुझी गाडी घेऊन ब्रेड आणायला गेले तर गल्लीगल्लीतून भाजलेल्या मैद्याचा वास येत होता. प्रत्येक घरात गंबो चढला होता. ज्या एका दिवशी सगळ्या गावाला गंबो हवा असतो, त्या दिवशी तो घरीच होतो, आणि बाकीचे दिवस तो नकोच असतो.

मी परत येऊन तुला हे शोध लागल्यासारखं सांगितलं. तू कांदा चिरत होतीस.

"मग? तू अकोल्यात हॉटेलात जाऊन कधी वरणभात मागवलास काय?"

"नाही. पनीर मागवायचो."

"तर. यांनाही बाहेर पडलं की मेक्सिकन लागतं, तळलेले मासे लागतात, आता तर सुशी. आईच्या हातचं आहे ते पैसे टाकून कोण खाईल? आणि खाल्लं तरी, पहिल्या घासाला काय म्हणतात? आमच्या घरी असा नसतो."

हे मात्र अगदी खरं. नंतर मी कितीदा ऐकलं ते. एकाच्या घरी बटाट्याचं सॅलड गंबोत घालतात, दुसऱ्याच्या घरी ते बाजूला ठेवतात आणि पहिल्याला नावं ठेवतात. एकाकडे भेंडी असते, एकाकडे ससाफ्रासच्या पानांची पूड, एकाकडे अख्खी उकडलेली अंडी सोडतात, एकाकडे भाजलेलं रताळं लागतंच. टोमॅटो घातलास तर मात्र सगळे एकत्र येऊन तुला गावाबाहेर काढतील. घरागणिक रूचा रंग वेगळा. बाहेरगावचे पाहुणे आले तर त्यांना हे काही कळायचं नाही. इथल्या जेवणाला केजन म्हणतात, आणि केजन म्हणजे त्यांना तिखटजाळ काहीतरी हवं असायचं आणि तुझा साधा, सौम्य, खोल चवीचा रस्सा खाऊन ते हॉट सॉसची बाटली उपडी करायचे. म्हणजे गावच्यांना तुझा गंबो परका आणि परक्यांना मिळमिळीत.

त्या गार दिवशी अडीचच्या सुमाराला पहिलं गिऱ्हाईक आलं. मिस्टर ओविड. एके काळी होड्या बांधायचे, पंचाहत्तरीचे असतील, शर्टाची वरची गुंडी लावलेली. त्यांच्या मागून एक चाळिशीची बाई, मग एक ट्रकवाला. सगळे वेगवेगळ्या टेबलांवर एकटे बसले. तू कोणाला ऑर्डर विचारली नाहीस. ओविडच्या वाडग्यात तू भाताऐवजी बटाट्याच्या सॅलडचा गोळा मधोमध ठेवलास आणि कडेने रस्सा ओतलास. त्या बाईच्या वाडग्यात अंडं, आणि ते चमच्याने अर्धं केलेलं. ट्रकवाल्याला जास्त पूड आणि भात वेगळ्या बशीत. मी विचारलं, असं का. तू सांगितलंस की कोणी नवीन माणूस एकटं येऊन गंबो मागायला लागलं की तू आधी त्याच्याजवळ बसतेस आणि विचारतेस, तुमच्या घरी गंबो कोण करायचं? करायचं, असंच विचारतेस, कारण ते माणूस आता नसणार हे तुला ठाऊक असतं. मग कसा करायचं ते विचारतेस आणि वाडगा तसा लावतेस. ओविडची बायको गेली होती. त्या बाईची आई. ट्रकवाल्याचा मोठा भाऊ.

मी तेव्हा ऐकून घेतलं. समजलं असं मला वाटलं, पण नुसतं कानावर पडलं होतं. समजलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

पुढे मला इथेच नोकरी लागली, एका कंपनीत विक्रीचे आकडे बघायची. शनिवारी मी तुझ्याकडे मदतीला येऊ लागले आणि कंपनीतलं शहाणपण तुझ्याकडे आणू लागले. तुझी वेबसाइट मी केली. फेसबुकवर फोटो मी टाकले. मग एकदा मी छान बोर्ड छापून आणला, एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या, "तुमचा केजन किती तिखट?" हायवेवरचे पाहुणे थांबतील म्हणून. तू बोर्ड दोन्ही हातांनी धरून लांबून बघितलास, प्रिंटिंग चांगलंय म्हणालीस आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मैदा चाळायला लागलीस. मी आठवडाभर फुगले होते. क्रॉफिश, म्हणजे इथले गोड्या पाण्यातले झिंगे, घातलेला पास्ता ठेव म्हटलं, तर तू म्हणालीस, मॉ-मॉ वरून चमचा फेकून मारेल.

आपलं भांडण गमतीचं होतं तेव्हा. तू मला "मॅनेजरीणबाई" म्हणायचीस.

आणि मग माझी आई गेली. माझ्या व्हिसाचे कागद अडकलेले होते. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं, आणि आईच म्हणत होती की येऊ नकोस, मी बरी आहे. ती बरी नव्हती. मी तिला शेवटचं फोनच्या स्क्रीनवर पाहिलं, भावाचा हात हलत होता म्हणून तेही धड दिसलं नाही. तू काही समजूत घातली नाहीस. सोमवारी हॉटेल बंद असतं, त्या सोमवारी तू मला बोलावून घेतलंस, ओट्याशी स्टुलावर बसवलंस आणि विचारलंस, "आई वरणफळं कशी करायची गं?"

मी सांगत गेले. वरण घट्ट. कणकेच्या शंकरपाळ्या मोठ्या, जाड. वरून लसणाचं कडकडीत फोडणीचं तेल, लसूण पार लाल झालेला. तू त्यांना चकोल्या म्हणायचीस आणि तुमच्याकडे त्या पातळ असतात, आमसूल घालतात, पण त्या दिवशी तू तुमचं काही घातलं नाहीस. दोनदा तू लसूण लवकर काढलास आणि मी म्हटलं, अजून. तिसऱ्यांदा जमला. मी पहिला घास घेतला आणि जी रडले ती तुझा ॲप्रन ओला होईपर्यंत. मला तेव्हाही कळलं नाही, मावशी, की त्या दिवशी मी तुझं गिऱ्हाईक झाले होते.

आता त्या शनिवारचं सांगते. तुला ते माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ऐकलेलं नाहीस.

गेल्या महिन्यात तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाफेजवळ जाऊ नका सांगितलं. मी म्हटलं, शनिवार मी सांभाळते. तू घरून बारा सूचना दिल्यास आणि मी सगळ्याला हो हो म्हटलं. रू मी केला, खरंच चांगला झाला होता, डेनीसनेही मान्य केलं. पण वाडगे मी माझ्या मनाने लावले. सगळे एकसारखे. भात मधोमध, सॅलड बाजूला छोट्या कपात, वर कांद्याची पात. फोटोत छान दिसतं. दरवेळी वेगळा वाडगा लावण्यात वेळ जातो, नवीन माणूस कामाला ठेवलं तर त्याला हे कसं शिकवणार, हे मी तुला वर्षभर सांगत होते. म्हटलं, आज करूनच दाखवू.

ओविड आले. मी वाडगा ठेवला. त्यांनी बाजूच्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसले. त्यांनी दोन चमचे खाल्ले, नॅपकिनची नीट घडी केली आणि उठले. मी विचारलं, "सगळं ठीक ना, मिस्टर ओविड?" ते म्हणाले, "छान होतं, शा." इथे लाडक्या माणसाला शा म्हणतात, तेवढंच म्हणाले आणि गेले. नंतर दोन शनिवार ते आले नाहीत.

तुला हे डेनीसकडून कळलं. डोळ्याला काळा चष्मा लावून, डॉक्टरांचं न ऐकता, तू पातेलं घेऊन त्यांच्या घरी ड्राइव्ह करत गेलीस. परत आलीस तेव्हा मी हॉटेलातच होते. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू खुर्चीवर बसून शांतपणे म्हणालीस, "त्यांना वाटलं, मीपण गेले."

मला लागलं ते. मी चूक केली होती आणि मला ते कबूल करायचं नव्हतं, म्हणून मी दुसरंच काढलं. म्हटलं, मावशी, चार पोरक्या माणसांवर हॉटेल चालत नाही. गिऱ्हाईक वाढायला नको का?

तू चष्मा काढलास. डोळा लाल होता.

"नको. खरंच नको गं. माझं गिऱ्हाईक वाढतं म्हणजे कुणाच्यातरी घरातलं माणूस गेलेलं असतं. मी कशाला वाट बघू त्याची? गाव आपल्या घरी जेवतंय, चांगलं चाललंय म्हणायचं. ज्याच्या घरी कोण उरलं नाही, त्याला दार उघडं पाहिजे, बस."

यावर मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "हे सगळं तू लोकांसाठी करत नाहीयेस. तुझी सासू जाऊन तीस वर्षं झाली आणि तू अजून तिच्याकडून पास व्हायची वाट बघतेयस."

तू उठलीस आणि ओल्या फडक्याने आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला लागलीस. मी पर्स उचलली आणि निघाले. गाडीत बसताना वाटलं होतं, सोमवारी येऊन माफी मागू. सोमवारी ऑफिसमध्ये मीटिंग होती. पुढच्या सोमवारी वाटलं, तीच करेल फोन. तू केलास. शनिवारी. मी उचलला नाही. काय सांगायचं होतं तुला? कदाचित नुसतं विचारलं असतंस, जेवलीस काय.

चुकलं माझं, मावशी. मला दुसरं काही सुंदर वाक्य सुचत नाही. चुकलं.

काल ओविड सगळ्यांत शेवटी आले. हातात लहानसं पातेलं, दहावं. डेनीस माझ्या कानात म्हणाली, या माणसाने जन्मात चूल पेटवलेली नाही. त्यांनी झाकण काढलं. रू थोडा करपला होता, वासावरूनच कळत होतं. सॅलड दुकानातलं, प्लास्टिकच्या डब्यात. ते त्यांच्या नेहमीच्या टेबलाशी बसले आणि मला खूण केली. मी समोर बसले. त्या शनिवारनंतर आम्ही पहिल्यांदाच एकमेकांसमोर होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"ती स्वतः कसा खायची, शा? तिने मला इतकी वर्षं माझा विचारला. मी तिचा कधी विचारला नाही."

हे मात्र मला माहीत होतं. गावात फक्त मलाच माहीत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, स्टूल घेतलं आणि सगळ्यांत वरच्या फळीवरचा, पिठांच्या मागे लपवलेला कॉफीचा जुना डबा काढला. हॉटेल बंद केल्यावर तू तुझा वाडगा घेऊन ओट्याशी उभी राहून खायचीस, लिंबू पिळायचीस आणि वर या डब्यातली शेंगदाण्याची चटणी, कुटलेली, तेल सुटलेली, लालभडक, चमचाभर. पहिल्यांदा मी पकडलं तेव्हा तू तोंडावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "मॉ-मॉला सांगू नको हां." आणि मी तुला म्हणाले होते की तू तिच्याकडून पास व्हायची वाट बघतेयस. तू तर रोज चोरून कॉपी करत होतीस.

ओविडच्या करपलेल्या गंबोवर मी लिंबू पिळलं आणि चमचाभर चटणी घातली. त्यांनी खाल्लं. बराच वेळ चावत राहिले. मग डबा उचलून मागच्या टेबलावरच्या डेनीसला दिला. डेनीसने चिमूटभर घेतली आणि पुढे दिला. मावशी, तो डबा सगळ्या हॉटेलभर फिरला. ज्या माणसांनी शेजारच्या घरचं सॅलडसुद्धा आपल्या वाडग्यात कधी येऊ दिलं नाही, त्यांनी आपापल्या आईच्या गंबोवर तुझी चटणी घातली. कोणाला ठसका लागला, कोणी पाणी मागितलं. आमच्या घरी असा नसतो, असं कोणीच म्हणालं नाही.

डबा परत आला तेव्हा तळाशी थोडी उरली होती. ओविडने आत डोकावून बघितलं आणि विचारलं, "तिच्या घरी हे कोण करायचं?"

मी सांगायला लागले आणि थांबले. आईची म्हणावी, तर तुझ्या आईबद्दल तू कधी बोलली नाहीस. आजीची? मिरजेतल्या कुणा शेजारणीची? सात वर्षं मी त्या डब्यातली चटणी खाल्ली. लसूण किती, शेंगदाणे खरपूस भाजायचे की हलके, खलबत्ता की मिक्सर, मी काही काही विचारलं नाही. तुझ्या मेन्यूकार्डबद्दल मी तुला शंभर प्रश्न विचारले. मी ओविडना म्हटलं, "मला माहीत नाही." ते माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिले.

शनिवारी मी हॉटेल उघडणार आहे. डेनीस येतेय मदतीला. पुढच्याचं पुढे बघू. रू मी करीन, फोन बंद करून. ओविडचं सॅलड मधोमध, अंडं चमच्याने अर्धं केलेलं, ट्रकवाल्याचा भात वेगळ्या बशीत, मी सगळं एका कागदावर लिहून ओट्यावर चिकटवलंय. मिरच्यांच्या बोर्डावर मैदा चाळीन. सगळे जेवून गेले की मी माझा वाडगा घेऊन तुझ्या जागी उभी राहीन आणि डब्याच्या तळाशी उरलेली चटणी घालून खाईन. पुन्हा कशी करायची ते माहीत नाही, म्हणून ती शेवटची. पण त्याआधी तू सगळ्यांना विचारायचीस ते मी तुला विचारणार आहे. उशिरा का होईना, विचारते.

मावशी, तुझ्या घरी ही चटणी कोण करायचं?